कॅल्शियमची बाटली

५ ऑक्टोबर, रविवार

मुग्धा आली होती, माझी भाची. हातात बुटांचा खोका. "मामा, आठ नंबरच ना?" आठच. घालून बघितले, बसले. मग बातमी. जानेवारीत बदलापुरात दहा किलोमीटरची दौड आहे, फिट येणाऱ्या मुलांच्या औषधपाण्यासाठी. तिचा पळणाऱ्यांचा ग्रुप आणि इथलाच एक ट्रस्ट मिळून करतायत. प्रत्येकानं कुणाच्या तरी नावानं पळायचं. ती तिच्या आईच्या नावानं पळणार, म्हणजे सुलूच्या. "आणि तूसुद्धा."

म्हटलं, सत्तावन्न वर्षांचा झालो, मी रिक्षा पकडायलाही पळत नाही. म्हणाली, म्हणून तर तीन महिने आधी सांगतेय.

वहीही आणलीय. रोज किती पळालो ते लिहायचं. मीना स्वयंपाकघरातून: "त्यांना लिहायला लावू नकोस गं, फॅक्टरीतल्या बॅच रिपोर्टसारखं लिहितील." बायकोला माझी पारख चांगली आहे.

सुलू माझी धाकटी बहीण. जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे ५.४०. बेलवली ते हेंद्रेपाडा. पळालो: विजेचे सहा खांब. चाललो: बाकी सगळं. येताना कुत्री मागे लागली, दोन खांब जादा. गुडघा ओके. दम नॉट ओके.

मुग्धाला आकडा व्हॉट्सॲपवर पाठवला. तिनं अंगठा पाठवला. म्हणजे आकडे तिकडे जातायत. वहीत मग दुसरं काही लिहिलं तरी चालेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

टी-शर्टच्या पाठीवर काय छापायचं यावर फोन. मुग्धानं ठरवूनच टाकलंय: 'सुलभा. तिला फिट्स यायच्या.' बस, एवढंच. फोन स्पीकरवर होता. मीना म्हणाली, "अगं, स्थळं बघायची वेळ आणि तू पाठीवर लिहून गावभर पळणार? आईला होतं म्हटलं की लोक मुलीकडेच बघतात." मुग्धा: "मामी, जो पाठ वाचून पळून जाईल तो आधीच गेलेला बरा." मीना स्वयंपाकघरात गेली. ती वाईट नाही. हेच आमची आईसुद्धा बोलली असती.

आमच्या घरात फिट हा शब्दच नव्हता. चक्कर होता. सुलू सातवीत असताना पहिली आली, शाळेत, प्रार्थना चालू असताना. दुसरी घरी. बाबांनी चप्पल हुंगवली, आईनं कांदा फोडला, शेजारच्या काकूंनी मुठीत लोखंडी किल्ली कोंबली. शुद्धीवर आल्यावर सुलू रडली ती चपलेच्या वासानं. पुढे डॉक्टर मिळाले, गोळ्या मिळाल्या. गोळ्यांवर छान राहायची. वर्षात एखादी, कधी तीही नाही.

लग्न ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, चांगलं स्थळ आहे, कुणी काही बोलायचं नाही. कुणी बोललं नाही. मीपण नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

९०० मीटर सलग. पिंडऱ्या दगड झाल्या आहेत.

लॅबमधून आज एक लॉट परत पाठवला. डब्यावर लेबल व्हाइटचं, आत ऑफ-व्हाइट. सुपरवायझर: "सर, इतना तो चलता है." नाही चालत. तीस वर्षं अंबरनाथच्या या रंगाच्या कारखान्यात क्वालिटी बघतोय. चुकीचं लेबल लागलेला एकही डबा माझ्या सहीनं गेटबाहेर गेलेला नाही.

घरातून मात्र एक बाटली गेली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात सुलूनं विचारलं, "दादा, गोळ्या सासरी ठेवू कुठं?" आईच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची पांढरी प्लास्टिकची बाटली पडलेली होती. ती धुऊन वाळवली. सुलूच्या गोळ्या पाकिटातून काढून त्यात भरल्या. ओल धरू नये म्हणून तळाशी लॅबमधली सिलिका जेलची पुडी. कल्पना माझीच. कॅल्शियम बायकांना लागतंच, कोण विचारतंय. सव्वीस वर्षं कुणी विचारलं नाही. बाटली मध्ये दोनदा बदलली, लेबल तेच.

गोळ्या महिन्याच्या महिन्याला मी आणायचो, उल्हासनगर कॅम्प ४ मधून. अंबरनाथचा जवळचा केमिस्ट तिच्या सासरच्या नात्यातला, त्यामुळे तिथं चिठ्ठी दाखवायची सोय नव्हती. चिठ्ठी कायम माझ्या पाकिटात.

सुलूच्या सासूबाई गेल्या तेव्हा तिला म्हटलं, आता घरात सांगून टाक. म्हणाली, "आता मुग्धाचं लग्न आहे ना, दादा." मुग्धा तेव्हा दहावीत होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. पहाटे दीड किलोमीटर, न थांबता.

दुपारी मुग्धा अंबरनाथहून आली. म्हणाली, "पाटावर बस, मी ओवाळते." म्हटलं, भाच्या नाही ओवाळत गं. "कुणी केलाय नियम?" बसलो. तिनं ओवाळलं. ओवाळणी घातली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा मुग्धाबरोबर. नदीवरच्या बॅरेजपर्यंत, जाताना पळत, येताना चालत. ती पळताना बोलते. मला फक्त हं म्हणण्यापुरता श्वास उरतो, त्यामुळे ऐकणं आलं.

तिला आईचा आजार कळला तो आई गेल्यावर. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आधी काही होतं का, आणि मी म्हटलं, फिट्स होत्या, गोळ्या चालू होत्या. शेजारी मुग्धा उभी होती. त्यानंतर पाच महिने माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर आणखी जास्त ताणलं असतं.

आज म्हणाली, "मामा, तू म्हणालास गोळ्या चालू होत्या. पण डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध नव्हतं. मी कपाट पालथं घातलं, गादीखाली बघितलं, देव्हाऱ्यामागं बघितलं. एक पाकीट नाही. तिनं स्वतःच सोडल्या. तुझ्याकडनं घेत असेल आणि टाकून देत असेल."

मी हं म्हटलं.

"मी होते ना घरात? बाबा होते. आमचा जरासुद्धा विचार नाही केला."

पुन्हा हं. श्वासाचं कारण होतंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पळालो नाही.

जे कुणालाच सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवतो. सुलू गेली शनिवारी सकाळी, बाथरूममध्ये फिट येऊन. त्याआधी बुधवारी दुपारी तिचा मला फोन आला होता. "दादा, गोळ्या संपल्यात. जमलं तर आजच आण." मी म्हटलं, "देऊन आठवडा नाही झाला. महिन्याच्या दिल्यात मोजून. संपल्या कशा?"

"संपल्या."

"लॅबमध्ये ऑडिट आहे गं. रविवारी आणतो."

"बरं," म्हणाली.

ऑडिट शुक्रवारी दुपारीच संपलं. मी घरी येऊन झोपलो होतो.

संपल्या कशा, हे दोन वर्षं कळलेलं नाही. चुकून दुप्पट घेतल्या असतील, सांडल्या असतील. स्वतःहून सोडणारी बाई गोळ्या मागायला फोन करत नाही, एवढं नक्की. ते मुग्धाला सांगायला हवं. पण ते सांगायचं तर रविवार सांगावा लागेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

बॅरेजपर्यंत पळत, परत येतानाही अर्धं पळत. सहा किमी झाले.

बॅरेजवर थांबलो. मी घरातून मीठ-साखरेच्या पावडरीचं पाकीट नेलं होतं, पाण्यात टाकून प्यायला. मुग्धानं हातातून घेतलं, उलटं केलं आणि हसत सुटली. "मामा! मागच्या महिन्यातच एक्सपायर झालंय. आणि म्हणे क्वालिटीवाला!" मग: "तूच शिकवलंस मला. काही घ्यायच्या आधी तारीख बघायची. मी घरात सगळ्याची बघते, बाबांच्या दाढीच्या क्रीमचीसुद्धा. आईची ती कॅल्शियमची बाटली आठवतेय? तिच्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. आणि बाई रोज खातेय! अर्धी भरलेली होती. दिली घंटागाडीत, नवीन आणून ठेवली."

विचारलं, कधीची गोष्ट?

"ती गेली त्याच आठवड्यात. मंगळवारी, मला सुट्टी होती ना. नव्या बाटलीचं सीलपण तिनं फोडलं नाही, तशीच पडून राहिली. म्हणून लक्षात आहे."

"आई काय म्हणाली?"

"विचारलं, जुनी कुठाय. म्हटलं, गेली गाडीत. बरं म्हणाली."

पाकीट पाण्यात टाकून मी पिऊन टाकलं. म्हटलं चल, ऊन होईल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी घंटागाडी. बुधवारी फोन. शनिवारी बाथरूम.

सुलूनं मला 'टाकल्या' सांगितलं नाही, 'संपल्या' सांगितलं. मुलीचं नाव घेतलं नाही. मी ओरडेन असं वाटलं असेल. किंवा मुग्धाला कधी कळू नये म्हणून असेल. सुलूचं डोकं असंच चालायचं, आधी दुसऱ्याचं. तिनं खरं सांगितलं असतं तर मी ऑडिट टाकून गेलो असतो का? गेलो असतो. नक्की? माहीत नाही.

आणि लेबलावरची तारीख. बाटली मी दिलेली, शेवटची बदलली तीही मीच. लेबल बघितलं, तारीख बघितली नाही. आत दुसरंच असल्यावर तारीख कशाला बघायची? लॅबमध्ये हे कारण कुणी मला दिलं असतं तर त्याला मेमो दिला असता.

पोरीनं काय चुकीचं केलं? काही नाही. मामानं शिकवलं तसं केलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आठवडाभर पळालो नाही. गुडघा दुखतो असं कळवलं. मुग्धानं शेकायचा पट्टा पाठवून दिला. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मीनानं विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, वय. "वय कालही होतंच की," म्हणाली आणि पट्टा गरम करून दिला.

७ डिसेंबर, रविवार

पुन्हा सुरू केलं आहे. ६ किमी, ५१ मिनिटं.

अंबरनाथला गेलो, सुलूच्या घरी. मुग्धा ग्रुपच्या मीटिंगला गेलेली. प्रकाशराव एकटेच, पोहे केले होते, शेंगदाणे करपलेले. दोघांनी खाल्ले. सुलूचा नवरा म्हणून या माणसाशी सव्वीस वर्षं मी हवापाण्यावर आणि भाज्यांच्या भावावर बोललो. आज तेच आपणहून म्हणाले, "तुम्हाला एक सांगू का? मला माहीत होतं हो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. झोपेत आली होती तिला. सकाळी तिला काही आठवत नव्हतं, मीपण विषय काढला नाही."

"का?"

"तिनं एवढं जपलं होतं. मला माहीत आहे हे तिला कळलं असतं तर बिचारी लाजेनं मेली असती." मग बोलल्यावर शब्द लक्षात आला आणि ताटलीकडे बघत बसले.

"गोळ्या कुठं ठेवायची ते?"

"ते नाही माहीत. तुम्ही देत होता एवढं कळत होतं. त्या आठवड्यात जरा गप्प होती. गोळ्या संपल्या असतील, कोण जाणे. मला म्हणाली असती तर मी त्याच दिवशी कुठूनही आणल्या असत्या."

 स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती नवी बाटली अजून आहे. सील न फोडलेली. मुग्धानं आईच्या चष्म्याशेजारी ठेवलीय.

१३ डिसेंबर, शनिवार

टी-शर्ट आणायला उल्हासनगर कॅम्प ४. छापणारा सिंधी म्हातारा, माप घेतल्यासारखा माझ्या पाठीकडे बघत म्हणाला, "साईं, ये सुलभा आपकी कौन?" बहीण. "नाम अच्छा छपा है, देखो, धुलाई में नहीं जाएगा. गॅरंटी."

गाठोडं घेऊन निघालो तर दोन गल्ल्या सोडून तोच केमिस्ट. मला वळायला हवं होतं. त्यानं आधी बघितलं. "अरे साहेब! कितना टाइम हो गया. बहन की गोली लेने आए नहीं? मी सहा महिने पॅक साइडला ठेवत होतो."

म्हटलं, आता लागत नाहीत.

"अरे वा! ठीक हो गई? भगवान की मेहरबानी."

"हो," म्हटलं. त्यानं गल्ल्यावरच्या देवाला हात जोडले. काखेतल्या गाठोड्यात पन्नास टी-शर्ट, दोनांवर सुलूचं नाव, तेही वीतभर अक्षरांत. आणि मी भरदुपारी रस्त्यात तिला बरी करून आलो.

२८ डिसेंबर, रविवार

८ किमी. कुठंही थांबलो नाही. स्वतःचं कौतुक वाटलं, ते लिहून ठेवतो.

मुग्धा दौडीच्या आधी माईकवर दोन मिनिटं बोलणार आहे. कागद वाचून दाखवला. सुरुवात चांगली. कांदा नको, चप्पल नको, किल्ली नको, तोंडात काही कोंबू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. मग शेवट: "माझ्या आईनं गोळ्या स्वतःहून सोडल्या. तुम्ही सोडू नका."

"कसं आहे?"

म्हटलं, शेवट नसला तरी चालेल.

"शेवटच तर महत्त्वाचा आहे, मामा."

४ जानेवारी, रविवार

पळताना मनात म्हणून बघतो. नीट जमत नाही.

असं: मुग्धा, आईनं गोळ्या सोडल्या नव्हत्या. तिनं मला फोन केला होता. मी रविवार म्हणालो. चूक माझी.

इथपर्यंत मी सांगू शकतो. शिव्या खाईन, पुन्हा पाच महिने बोलणार नाही, पाच वर्षं बोलणार नाही, चालेल. पण मुग्धा माझीच भाची. ऐकून घेईल आणि पहिला प्रश्न तोच विचारेल जो मी सुलूला विचारला होता. आठवड्यापूर्वी दिल्या होत्यास, मग संपल्या कशा? तिथं खोटं बोलायचं तर काय बोलू? सांडल्या? ती मला ओळखते. आणि एकदा 'बाटली' म्हटलं की पुढचं मला सांगावं लागणार नाही. पंचविशीतली पोर. तिचं तिला कळेल आणि मग रोज सकाळी कळत राहील.

न सांगावं तर सुलूच्या नावावर खोटं लागलंय. पोर आईवर रागावून पळतेय. दोघींपैकी एकीला मी तोंडघशी पाडणार. सुलूनं तर कौल देऊन ठेवलाय, "संपल्या" म्हणून. पण सुलूला काय माहीत की मुलगी दोन वर्षं गादीखाली हात घालून बघत राहील.

मीनाला सांगावं असं वाटलं. ती भाजी निवडत होती. मीपण थोडी निवडली.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या. नखं कापली. मुग्धानं सांगितलंय, नवीन काही खायचं नाही. मीनानं टी-शर्टला इस्त्री केली. उलटा करून केली, छापलेलं खराब होऊ नये म्हणून. मग सुलट करून बराच वेळ बघत राहिली. "नाव छान दिसतंय वन्संचं," म्हणाली. फिट्सबद्दल काही बोलली नाही.

१८ जानेवारी, रविवार

१० किमी. १ तास २९ मि. पडलो नाही, शेवटचा आलो नाही. माझ्या मागे अकरा जण होते, त्यातली दोन लहान मुलं.

सुरुवातीला मुग्धा बोलली. आवाज स्वच्छ. शेवट तसाच ठेवला होता. "स्वतःहून सोडल्या." टाळ्या पडल्या. प्रकाशराव माझ्या शेजारी उभे, तेही वाजवत होते. मीही दोन वाजवल्या. शेजारी सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या, दुसरं काही कारण नाही.

सहाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल. तिथं एक म्हातारी बाई ग्लास देत होती, नऊवारी, गावातलीच. माझी पाठ वाचली. "सुलभा कोन तुमची?"

"बहीण."

"माज्या नातवाला पन हाय ते. आठ वर्साचा. सून म्हनते कोनाला सांगू नका."

"गोळ्या देता?"

"देतो ना. तांदलाच्या डब्यात ठेवते ती, पाव्हन्यारावल्यांना दिसू नये म्हनून."

मी उभाच राहिलो. मागची माणसं पुढे गेली. म्हटलं, आजी, तिथून काढा. वेगळ्या डब्यात ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, कशाच्या आहेत ते. घरातल्या सगळ्यांना दाखवा, मुलालासुद्धा. सगळ्यांना, आजी. आज घरी गेल्यावर पहिलं हेच करा. बाई घाबरली असावी. "बरं बाबा, करते, तुमी पानी प्या," म्हणाली. चांगली तीन मिनिटं गेली त्यात. अनोळखी बाईला तीन मिनिटांत सगळं सांगता येतं, हे आज कळलं.

शेवटच्या किलोमीटरला मुग्धा परत मागे धावत आली, स्वतःची दौड संपवून, मला सोबत करायला. शेजारी पळत राहिली. मग म्हणाली, "मामा, आज माईकवर बोलले ना, एकदम हलकं वाटलं. मी आईला माफ केलं."

मी हं म्हटलं नाही.  ती म्हणाली, दमलास, बोलू नकोस.

२० जानेवारी, मंगळवार

पाय जिना उतरत नाहीत. लॅबमध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं. मेडल टेबलावर ठेवलं होतं, घरी येताना खणात टाकलं.

माफ केलं म्हणाली. सुलूला. जिनं काही केलंच नव्हतं तिला.

इतके दिवस मी लिहीत होतो की सांगितलं तर मुग्धाला त्रास होईल. खरं आहे ते. पण सगळं खरं नाही. भाऊबीजेला पाटावर बसवलं तिनं. ते पुन्हा होणार नाही, याचीही भीती आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी मुग्धाचा फोन. ट्रस्टवाले नव्या पळणाऱ्यांसाठी काहीतरी करतायत, पहिल्यांदाच पळालेल्यांच्या वह्या लोकांना वाचायला ठेवणार आहेत. सहा खांबांपासून दहा किलोमीटरपर्यंत, असं काहीतरी नाव देणार. खांबांची गोष्ट तिनं सगळ्यांना सांगितलीय म्हणे.

"तुझी वही लागेल, मामा. लिहिलीस ना? की नुसते आकडे?"

"लिहिलीय."

"मग दे ना. आधी मी वाचते. आजच घ्यायला येऊ?"

"आज नको. जरा काम आहे. रविवारी देतो."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर ऐकू आलं मी काय बोललो ते.

काम काहीही नाही. मीनाला म्हटलं, जरा बाहेर जाऊन येतो. "आत्ता? पाय दुखतायत ना?" दुखतायत. बूट दाराशीच आहेत, वही हातात आहे, हे उभ्याउभ्यानं लिहितोय. आज गुरुवार. रिक्षा मिळाली तर अंबरनाथ इथून पंचवीस मिनिटं. तेव्हाही पंचवीसच होती.